जाण्याची तारीख

आमच्या घराण्यात वडिलोपार्जित म्हणावी अशी एकच गोष्ट माझ्यापर्यंत पोचली. घरी आलेल्या माणसाला "कधी जाणार?" असं विचारायचं नाही. तशी दुसरीही एक गोष्ट होती, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. पण एक आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली, सात महिने राहिली आणि जाताना ते घेऊन गेली. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

हा नियम मी काटेकोर पाळला आणि त्यापायी जे झालं ते सांगायला बसलोय. सांगताना लाज वाटते, हे आधीच कबूल करतो. ऐकणारे हसतात. हसू देत. मीही दोनदा हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात जावक खात्यात आहे. जगात जो काही खरेपणा शिल्लक आहे तो आमच्या काट्यांमुळे, अशी माझी समजूत होती आणि ती मी चारचौघांत ऐकवतही असे. गेल्या वर्षी लोकांनी काटे घेणं कमी केलं आणि कारखान्यानं आमचे आठवड्याचे सहा दिवस तीनवर आणले. पगाराचंही तेच. मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली, घरात मी आणि बायको, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तरी भाडं झेपेना. मग गृहसाहाय्य कार्यालयात अर्ज केला आणि निम्मं भाडं तिकडून मिळू लागलं. ते मिळालं नसतं तर ती जागा सोडावी लागली असती. हे इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते निदान कशापायी केलं एवढं तरी कळेल.

साहाय्याबरोबर बारा पानांचं माहितीपत्रक आलं. असली पत्रकं कुणी वाचत नाही. मी दोनदा वाचलं, आणि महत्त्वाच्या ओळींखाली पट्टी धरून रेघा मारल्या. नवव्या पानावर पाहुण्यांचं प्रकरण होतं. जेवायला येणारा किंवा एकच रात्र राहणारा पाहुणा धरायचा नाही. त्याहून जास्त राहिला तर दहा दिवसांच्या आत कळवायचं. जवळचा नातेवाईक तीस रात्रींपर्यंत पाहुणा. एकतिसाव्या रात्री तो घरातला माणूस होतो, त्याचं उत्पन्न आपल्यात धरतात आणि साहाय्य बंद. दूरचा नातेवाईक मात्र साठ रात्री पाहुणाच राहतो. दूरच्याला साठ रात्री कोण ठेवून घेणार, असा विचार त्यामागे असावा. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

आणि दादा आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. जन्मभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, शाळांच्या, कचेऱ्यांच्या, 'येथे थुंकू नये' पासून 'अध्यक्ष' पर्यंत. गावात छापील फलक आले तेव्हा त्याचं काम संपलं, पण अक्षर तसंच राहिलं. वहिनी गेल्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं तिथे, एका खोलीत एकटाच राहतो. त्या खोलीच्या छताचा गिलावा एका दुपारी त्याच्या जेवणाच्या ताटापासून हातभर अंतरावर कोसळला. घरमालकानं दुरुस्ती काढली आणि दादा एक पिशवी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "छताचं होईपर्यंत." मी म्हणालो, "अरे, विचारतोस काय?" त्यानं विचारलं नव्हतंच, पण आमच्यात असंच म्हणतात.

पहिला आठवडा फार मजेत गेला. दादानं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चहा, साखर, मीठ असं वळणदार अक्षरात रंगवून दिलं. जिन्यातली 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी इतकी सुरेख रंगवली की लिफ्ट सुरू झाल्यावरही ती काढायला कुणाचा हात धजेना. शेजारीपाजारी येऊन त्याचं कौतुक करून जात आणि मी ते माझंच असल्यासारखं ऐकून घेई. आठव्या दिवशी मला नववं पान आठवलं.

बायको म्हणाली, "सख्खा भाऊ चार दिवस आलाय, त्याची कसली वर्दी द्यायची? कुणाला कळणार आहे?" मी तिला सांगितलं की प्रश्न कळण्याचा नसून तत्त्वाचा आहे. हे वाक्य मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. मी कारखान्याच्या सुटीच्या दिवशी गृहसाहाय्य कार्यालयात गेलो, अर्ज घेतला आणि तिथल्या उंच टेबलावर दोरीला बांधलेल्या पेनानं उभ्या उभ्या भरला. पाहुण्याचं नाव, वय, अर्जदाराशी नाते, आल्याची तारीख, सगळं झालं. मग पाचवा रकाना आला: जाण्याची तारीख.

रकाना कोरा ठेवून मी चार नंबरच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. खिडकीवर एक जुना लाकडी फलक होता, 'खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे'. अक्षर ओळखीचं वाटलं. ह ची शेपटी अशी खाली ओढून पुन्हा किंचित वर वळवणारा माणूस गावात एकच होता. तीस वर्षांपूर्वी दादानं या कचेरीच्या सगळ्या पाट्या केल्या होत्या, हे मला आठवलं आणि अभिमान वाटला. मागच्या माणसाला मी ते सांगितलंही.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला, पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तारीख घाला म्हणाल्या. मी म्हणालो, विचारलेलं नाही. त्या म्हणाल्या, मग विचारा. मी खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणालो, "थोरला भाऊ आहे हो."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मलाही दीर आहेत," त्या म्हणाल्या. "पण रकाना कोरा चालत नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं. आता आमच्यापुढे एकच काम होतं, दादाला न विचारता दादा कधी जाणार ते काढून घेणं. सुरुवात बायकोनं केली. चहा देताना तिनं सहज विचारलं, "दादा, छताचं कुठवर आलं?" तिला आपली काळजी आहे हे पाहून दादा भारावला. त्यानं तिला जुना गिलावा कसा खरवडतात, जाळी कशी ठोकतात, पाणी किती दिवस मारतात, हे तासभर समजावून सांगितलं. तासाअखेर तिला छत करता आलं असतं, पण तारीख मिळाली नव्हती.

मग मी वरच्या मजल्यावरच्या पोटकलमांकडे गेलो. हे गृहस्थ कुठल्याशा दप्तरखान्यातून निवृत्त झालेत आणि वाक्यात एकदा तरी पोटकलम हा शब्द घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून सगळी इमारत त्यांना त्याच नावानं ओळखते. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं की माणसाला सरळ विचारायचं नसतं, त्याच्या नजरेला जाण्याचं साधन पाडायचं असतं. त्यांच्या सल्ल्यानुसार मी बसचं वेळापत्रक आणलं, दादाच्या दिवाणासमोरच्या भिंतीवर चिकटवलं आणि त्याच्या बसच्या आकड्याखाली तांबडी रेघ मारली. संध्याकाळी कामावरून आलो तर वेळापत्रक भिंतीवर नव्हतं. ते इमारतीच्या फाटकाशी लागलं होतं, हातभर लांब, दादाच्या अक्षरात, दोन रंगांत. "छापील फार बारीक होतं रे," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांना वाचता येत नाही." पोटकलम स्वतः चष्मा न लावता ते वाचत उभे होते.

बाराव्या दिवशी मी माझं डोकं चालवलं. आजवर जेव्हा जेव्हा मी ते चालवलंय तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावलाय, पण त्या दिवशी ती नेमकी बाजारात गेली होती. मी दादाला म्हणालो की मुलगी आणि जावई येताहेत, आठवड्याभरात, चांगले चार दिवस. म्हणजे माझा हिशेब असा की दोन खोल्यांत पाच माणसं कशी मावणार, हे दादाच्या आपोआप लक्षात येईल आणि तो आपणहून तारीख सांगेल. दादा पिशवीपाशी काहीतरी करत होता. ते ऐकून तो थांबला. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला तिथेच कळायला हवं होतं. "पोर येतेय? मग मी थांबतोच," तो म्हणाला. "वर्ष झालं तिला बघून. मी खाली सतरंजीवर झोपेन, माझी काळजी करू नका."

आता मुलगी आणणं भाग होतं. मी तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, काकाला सरळ विचारा ना." आजकालच्या मुलांना घराण्याचं काही नसतं. तिला रजा नव्हती, जावयाला त्याहून नव्हती. आठवडाभर दादा रोज विचारायचा, कुठल्या गाडीनं येतायत? आणि मी रोज गाडी बदलून सांगायचो. विसाव्या दिवशी ती येत नाही असं मी जाहीर केलं तेव्हा खोटं बोलल्याच्या ओझ्यानं माझं तोंड एवढंसं झालं होतं आणि बायकोचं माझ्यावरच्या रागानं. दादानं दोघांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला आवडतात म्हणून पेरू आणले.

शेवटचा उपाय बायकोचा. तिनं दादाची चादर धुतली, इस्त्री केली, घडी घालून कपाटात ठेवली आणि दिवाण उघडा ठेवला. याच्यापलीकडे बायकामाणूस आणखी काय सांगणार, असं ती म्हणाली. दादा फिरून आला, उघड्या दिवाणाकडे पाहत राहिला, मग कपाट उघडून त्यानं चादर बाहेर काढली आणि तिला नाकाशी धरून म्हणाला, "तुझी जाऊ गेल्यापासून माझी चादर दुसऱ्या कुणी धुतली नव्हती." बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बाविसाव्या दिवशी मी पाचव्या रकान्यात 'लवकरच' असं लिहून अर्ज पुन्हा दिला. तो तांबड्या शाईचे दोन शेरे घेऊन परत आला. लवकरच ही तारीख नव्हे, हा पहिला. दुसरा जास्त लागणारा होता: अर्जदाराचे अक्षर वाचता येत नाही, सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता पुन्हा लिहावे. एका पाटीवाल्याच्या भावाला हे ऐकून घ्यावं लागलं, तेही त्याच भावानं रंगवलेल्या पाटीखाली उभं राहून.

तिसावी रात्र जवळ येत चालली होती. झोप उडाली. भाडं भरलं नाही तर मालक किती दिवस थांबेल, याचा विचार मनातून जाईना. पुन्हा पोटकलमांकडे गेलो. त्यांनी माहितीपत्रक मागून घेतलं, नवव्या पानावर बोट फिरवत एका ओळीवर थांबले आणि माझ्याकडे मोठ्या दयेनं पाहिलं. मार्ग समोर लिहिलेला होता. दूरच्या नातेवाइकाला साठ रात्री. नाते या रकान्यात 'सख्खा भाऊ' ऐवजी 'दूरचे नातेवाईक' लिहायचं, झालं. मी म्हणालो, पण तो सख्खा आहे. ते म्हणाले, अहो, राहतात ना गावाच्या दुसऱ्या टोकाला? दोन बस बदलाव्या लागतात. मग दूरचेच की.

त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. त्यांनी दार दाखवलं, आत पाय मी ठेवला. मी घरी आलो आणि पाठकोऱ्या कागदावर अर्जाचा कच्चा मसुदा तयार केला. दादाचं नाव लिहिलं. नाते: दूरचे नातेवाईक. जाण्याची तारीख तेवढी कोरी ठेवली. लिहिताना हात अडला नाही, हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. उलट एक अडचण सुटली म्हणून बरं वाटलं. कोरा अर्ज, तांबड्या शेऱ्याचा जुना अर्ज आणि तो मसुदा, असं सगळं टेबलावर वर्तमानपत्राखाली ठेवून मी कामावर गेलो. संध्याकाळी कुणाकडून तरी चांगल्या अक्षरात लिहून घ्यायचं ठरवलं होतं. घरात कुणाचं अक्षर चांगलं आहे, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आला असेलही, पण मी त्याला आत घेतलं नसावं.

दादाला सकाळी वर्तमानपत्र वाचायची सवय आहे.

मी परत आलो तेव्हा बायको दिवाणावर बसली होती. दिवाण आवरलेला, चादरीची घडी घातलेली, पिशवी नाही. ती दवाखान्यातल्या अर्ध्या दिवसाच्या कामावरून आली तेव्हा दादा जिन्यात भेटला होता. छताचं झालं म्हणाला, तिनं थांबायला सांगितलं तर बसची वेळ झाली म्हणाला. टेबलावर अर्ज होता. पूर्ण भरलेला, काळ्या शाईत, ओळी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. लहानपणी माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझं नाव त्यानं याच अक्षरात घालून दिलं होतं, वडील नव्हते आणि तो शाळा सोडून रंगाचे डबे उचलत होता तेव्हा. तांबडा शेरा वाचून त्याला वाटलं असणार की धाकट्याचं काम अडलंय, आपण एवढं लिहून देऊ. आणि मग मसुद्यावरून उतरवायला बसला असणार. नाव. वय. त्यानंतर नाते. एकेक अक्षर त्यानं माझ्या मसुद्याबरहुकूम, कुठे काही न बदलता, सुंदर वळणात उतरवलं होतं. दूरचे नातेवाईक. आणि पाचव्या रकान्यात, मी कोरा ठेवलेल्या, त्या दिवसाची तारीख. अठ्ठावीस रात्री झाल्या होत्या. म्हणजे सख्खा लिहिलं असतं तरी चाललं असतं.

बायको म्हणाली, "तुम्ही हे लिहिलंत?"

मी तिला पोटकलमांचं आणि दोन बसचं सांगायला लागलो. आमच्या मागे स्वयंपाकघरात डब्यांवर चहा, साखर, मीठ असं लिहिलेलं होतं.

आता तो अर्ज देऊ नये, एवढी अक्कल कुणालाही आली असती. मला वाटलं, दिला नाही तर त्याचं लिहिणंही वाया जाईल. अर्ज घेऊन मी चार नंबरच्या खिडकीवर गेलो. सोबत पोटकलम होते, त्यांना निकाल पाहायचा होता. बाईंनी कागद हातात घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. शेजारच्या खिडकीतल्या साहेबांना बोलावून त्यांनी तो दाखवला. असा अर्ज नोकरीत पाहिला नाही म्हणाल्या. मग पान उलटलं. मागच्या बाजूला तळाशी एक रकाना होता, माझ्या दोन्ही अर्जांत तो लागू नव्हता म्हणून मी कधी नीट पाहिलाच नव्हता. अर्ज दुसऱ्याने लिहिला असल्यास लिहिणाऱ्याचे नाव, सही व अर्जदाराशी नाते. नाव होतं, सही होती. नात्याची जागा कोरी होती. मसुद्यात त्या जागी काही लिहिलेलं नव्हतं, आणि स्वतःच्या मनानं काय लिहावं ते त्याला ठरवता आलं नसावं. जन्मात एकही पाटी अर्धवट न सोडलेला माणूस.

"एवढं भरा," बाई म्हणाल्या आणि दोरीचं पेन पुढे केलं.

माझ्या डोक्यावर ती ह ची शेपटी होती. मी पेन घेतलं आणि माझ्या न वाचता येणाऱ्या अक्षरात, होईल तेवढं नीट, 'सख्खा थोरला भाऊ' असं लिहिलं.

बाईंनी ते डोळे बारीक करून वाचलं. मग पान उलटून पुढचं वाचलं. मग पुन्हा मागचं. "पाहुणा आणि लिहिणारा एकच का?" मी हो म्हणालो. "मग पुढे दूरचे का लिहिलंय त्यांनी?"

"त्यांनी नाही लिहिलं," मी म्हणालो. "मी लिहिलं होतं. त्यानं फक्त उतरवलं."

रांगेत मागे सतरा माणसं होती. मी वळून पाहिलं तर पोटकलम त्यांच्यात नव्हते. बाईंनी डोक्यावरच्या फलकाकडे बोट केलं नाही, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर मला माझ्या वयाचा आणि कारखान्यातल्या बत्तीस वर्षांचा दाखला देता आला असता. त्या नुसत्या हळू आवाजात म्हणाल्या की आता हे फेरतपासणीला जाईल, सहा महिने साहाय्य थांबेल, लेखी खुलासा द्यावा लागेल. मग अर्जाकडे पाहत म्हणाल्या, खुलासा मात्र यांच्याकडून लिहून घेऊ नका.

तिथून मी तडक दोन बस बदलून दादाकडे गेलो. फाटकातच घरमालक भेटला. छत कसं झालंय ते बघा म्हणाला, सतरा-अठरा दिवस झाले, एक तडा नाही. मी जिन्यात उभ्या उभ्या दिवस मोजले. छत झालं तो बारावा दिवस होता. दादा पिशवीपाशी जे काही करत होता, ते तो पिशवी भरत होता.

त्यानं मला पाहून चहा टाकला. काहीच घडलं नाही अशा थाटात छत दाखवलं. मी म्हणालो, "दादा, छत झालं होतं तर तू गेला का नाहीस?"

"तू म्हणालास ना, पोर येतेय," तो म्हणाला. "मग ती आली नाही तर तुमची दोघांची तोंडं उतरली. म्हटलं, अशात कसं जायचं? त्यात तुझ्या बायकोनं चादर धुऊन दिली." तो चहा गाळत होता, माझ्याकडे पाहत नव्हता. "तू विचारायचं होतंस."

"असं कसं विचारणार?"

"हो," तो जरा विचार करून म्हणाला. "तेही खरंच."

कचेरीत काय झालं ते मी सांगितलं. त्याला साहाय्य थांबल्याचं फार वाईट वाटलं. आपल्यामुळे झालं म्हणाला. मी म्हणालो, तुझ्यामुळे नाही. मग त्याचे पाय धरावेत असं वाटत असताना मी त्याच्या छताबद्दल बोलत राहिलो. निघताना तो म्हणाला, "दूरचे मधला ऊकार जरा घसरला बघ. लक्षात आलं का तुझ्या?" मी नाही म्हणालो. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. शेजारच्या माणसानं खिडकी लावून घेऊ का म्हणून विचारलं.

भाडं आता कसं भागतं ते विचारू नका. बायकोनं दवाखान्यात आधी अर्धा दिवस चिठ्ठ्या देण्याचं काम धरलं होतं, ते पूर्ण दिवसाचं केलं. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. खुलासा मी स्वतः लिहिला, चार वेळा, आणि तो चारही वेळा वाचता येत नाही म्हणून परत आला. कारखान्यात मी प्रामाणिकपणाविषयी बोलत नाही. पोटकलम जिन्यात दिसले तर दोघेही 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी वाचत उभे राहतो.

दादा येतो. दर रविवारी जेवायला येतो आणि उजेड असतानाच निघतो. पहिल्या रविवारी मी म्हणालो, "थांब ना आज. आता साहाय्यच बंद आहे, किती दिवस राहिलास तरी कोण विचारतंय?" तो म्हणाला, "पुन्हा सुरू होईल ना सहा महिन्यांनी. मग तेव्हा?" वर म्हणाला, जेवायला येणाऱ्याला धरत नाहीत, नवव्या पानावर आहे. मसुद्याबरोबर माहितीपत्रकही टेबलावर राहिलं होतं. रेघा मीच मारलेल्या होत्या, त्यामुळे त्याला शोधावं लागलं नाही.

परवाच्या रविवारी जेवणं झाली आणि दादा चपला घालायला उठला. बायको स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात त्याची चादर होती, इस्त्री केलेली, घडी घातलेली. ती म्हणाली, "दादा, चादर धुवून ठेवलीय."

दादा एक चप्पल घालून तसाच उभा राहिला. त्यानं चादरीकडे पाहिलं, मग उघड्या दिवाणाकडे, मग माझ्याकडे. मागच्या वेळी त्याला विचार करावा लागला नव्हता. आता तो करत होता. धुतलेली चादर म्हणजे राहा की जा, हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि माझ्या भावाला माझ्या घरात हा प्रश्न पडावा एवढं मी केलं होतं.

आमच्यात अशा गोष्टी तोंडानं बोलत नाहीत. पण तो दारात उभा होता. मी म्हणालो, "दादा, राहा म्हणून धुतलीय."

"बरं," तो म्हणाला. त्यानं चप्पल काढली आणि दिवाणावर चादर अंथरली.

सोमवारी सकाळी चहा घेऊन तो गेला. एका रात्रीचा मुक्काम धरत नाहीत.